ट्रान्झिस्टर स्विचच्या प्रॅक्टिकलमध्ये एलईडी लागतो पण रिले कधी ओढतो कधी नाही, बीसी ५४७ उडालाय का? एनपीएन काढून पीएनपी लावू का?

नाही उडालेला. उडालेला ट्रान्झिस्टर मूड बघून काम करत नाही रे. बेसला किती रेझिस्टर लावलायस ते बघ, ४७ के म्हणजे ४७ हजार ओहम असणार, आणि तो कुठून आला तेही मला माहितीये, कारण या ४७ के पायी माझे मार्क गेलेत.

डिप्लोमा सेकंड इयर. हेच प्रॅक्टिकल, १२ व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच, कॉइल ४०० ओहम म्हणजे ३० मिलिअँप. सरांनी फळ्यावर हिशोब मांडला, मल्टिमीटरवर एचएफई, म्हणजे बेसचा करंट कलेक्टरला किती पट होतो तो आकडा, ३०० दिसतोय, ३० भागिले ३०० म्हणजे बेसला ०.१ मिलिअँप, ५ व्होल्टातले ०.७ गेले, राहिले ४.३, म्हणजे ४३ के, डब्यात ४७ के आहे तोच लावा. सरांच्या बोर्डावर रिले टकाटक वाजला. माझ्याकडे कधी टक्, कधी काहीच नाही. पार्टनर ब्रेडबोर्डला शिव्या घालतोय, मी एकाच पाकिटातले तीन ट्रान्झिस्टर बदलले, चौथा मागायला गेलो तर लॅबवाल्या काकांनी डबाच बंद केला.

मग कलेक्टर-एमिटरवर मीटर लावला, ३.२ व्होल्ट! स्विच चालू असेल तर तिथे ०.१-०.२ च्या वर काही नको. माझ्या ट्रान्झिस्टरचा एचएफई होता २४०, म्हणजे करंट २२ मिलिअँप, कॉइलला मिळाले ८.८ व्होल्ट, आणि असले रिले साधारण ९ ला ओढतात. काठावरच. तुझा एलईडी १० मिलिअँपमध्ये खूश, म्हणून तो लागतो.

मी २.२ के लावला, रिले दरवेळी टक्. सर म्हणाले जर्नलमध्ये ४७ के आहे, बेसला वीसपट करंट देतोस, जाळशील. दोन मार्क कट. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, आज सांगतो. एचएफई अँम्प्लिफायरसाठी बघायचा, स्विचला बेस ठासून द्यायचा. बीसी ५४७ ची डेटाशीट उघड, सॅच्युरेशनचे, म्हणजे स्विच पूर्ण चालू असतानाचे, आकडे कलेक्टर १० मिलिअँपला बेस ०.५ आणि १०० ला ५ असे दिलेत, म्हणजे विसाला एक. ३० ला दीड. आणि जळण्याचं म्हणाल तर ४७ के वर ट्रान्झिस्टरमध्ये ७० मिलिवॅट जिरत होते, २.२ के वर जेमतेम ५. कोण जाळत होतं मग?

हां, २.२ के लावायच्या आधी, कॉइलला उलटा डायोड आहे ना? १एन४००७, पट्टा प्लसकडे. नसेल तर रिले बंद करताना ट्रान्झिस्टर खरंच उडेल आणि मग मला बोलू नकोस. दोन्ही सप्लायचे ग्राउंड जोडलेत का तेही बघ, आणि तुमच्या लॅबमध्ये ५४७ ऐवजी एसएल १०० देत असतील तर पाय वेगळे असतात.

पीएनपीचं म्हणशील तर तो बेस एमिटरपेक्षा खाली असला की चालू होतो, म्हणून ५ व्होल्टच्या सिग्नलवर १२ चा रिले थेट नाही जमणार, सिग्नल ५ वर गेला तरी एमिटर १२ ला असल्यामुळे तो बंदच होणार नाही.