जुन्या नाटकाची, नाचाची, मैफलीची माहिती नेटवर मिळत नाही, मग शोधायची कुठे?

तुमचा प्रश्न असा की एका जुन्या प्रयोगाचं फक्त नाव ऐकलंय, नाटक होतं की बॅले तेही पक्कं नाही, गूगल-यूट्यूब सगळं पालथं घातलं पण चार ओळींच्या वर काही हाती लागेना, तर परफॉर्मिंग आर्ट्सची माहिती नेमकी मिळते कुठे. मी हौस म्हणून हेच उद्योग करत असतो, त्यामुळे जरा लांबलचक उत्तर देतो, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे व्हिडिओ शोधणं आधी थांबवा. रंगमंचावरची गोष्ट पडदा पडला की संपते, ती कोणी शूट केली असेल हीच मुळात अपेक्षा चुकीची. त्यापेक्षा स्वतःला एक प्रश्न विचारायचा, की या प्रयोगाची नोंद करणं त्या वेळी कोणाला भाग होतं? कौतुक म्हणून कोणी लिहिलं का हे नाही हं, कामाचा भाग म्हणून, कायद्यामुळे, पैशांच्या हिशोबासाठी कोणाला लिहावंच लागलं ते बघायचं. असं माणूस किंवा ऑफिस सापडलं की निम्मं काम झालं.

उदाहरणार्थ सेन्सॉर. सेन्सॉरला शिव्या घालायच्या तेवढ्या घाला, पण रंगभूमीच्या इतिहासावर त्याचे उपकार आहेत. इंग्लंडमध्ये १७३७ च्या कायद्यापासून ते थेट १९६८ पर्यंत नवीन नाटक करायचं तर आधी संहिता लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारातल्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात द्यावी लागायची, आणि त्यामुळे जी नाटकं कधी छापलीच गेली नाहीत त्यांचीही हस्तलिखितं आज शाबूत आहेत. १८२४ पर्यंतची बरीचशी कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत, पुढची लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. आपल्याकडे १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता, म्हणजे ज्या नाटकावर सरकारची वक्रदृष्टी पडली त्याचा माग नाटकाच्या पुस्तकात नसेल तर सरकारी फायलीत काढायचा.

दुसरा माणूस गल्ल्यावरचा. पॅरिसच्या कोमेदी फ्रांसेझ या नाटक कंपनीने १६८० पासून रोज संध्याकाळी कुठलं नाटक झालं आणि गल्ला किती जमला याच्या वह्या ठेवल्यात, त्यातल्या १७९३ पर्यंतच्या नेटवर फुकट बघता येतात. मला तर यापेक्षा रंजक वाचन माहीत नाही, कारण समीक्षक काहीही म्हणोत, लोक खरंच आले होते का ते तिथे कळतं. मोठ्या संस्थांनी आता असल्या नोंदींचे डेटाबेसच केलेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा १८८३ पासूनचा, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा १८४२ पासूनचा, कार्नेगी हॉलचा १८९१ पासूनचा, ब्रॉडवेसाठी (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी) आयबीडीबी म्हणजे इंटरनेट ब्रॉडवे डेटाबेस, ऑस्ट्रेलियासाठी ऑसस्टेज. या सगळ्यांना पैसे लागत नाहीत. आणि गंमत म्हणजे गूगलच्या सर्चमध्ये यातलं फारसं वर येत नाही, साइटवर जाऊन तिथल्याच सर्चमध्ये नाव टाकावं लागतं, म्हणून लोकांना वाटतं माहितीच नाही.

गाण्याचं त्या मानाने सोपं, कारण रेकॉर्ड ही कारखान्यात बनणारी वस्तू, आणि कारखान्याला नंबर लागतोच. जुन्या तबकडीवर लेबलजवळ एक मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो, तो त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. एकाच गायिकेने तीच चीज दोनदा गायली असेल तर नाव तेच राहील पण नंबर वेगळा, त्यामुळे गाण्याच्या नावापेक्षा नंबरवर जास्त भरवसा ठेवा. १९०२ मध्ये कलकत्त्याला गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या, तिथल्या लोकांना कोण गातंय ते कसं कळणार, म्हणून गाणं संपताना बाई स्वतःच 'माय नेम इज गौहर जान' असं सांगून मोकळ्या व्हायच्या. आज आपल्याला तीच घोषणा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सगळ्यात अवघड नाच. नृत्यलेखनाच्या पद्धती आहेत (लाबानची १९२८ ची, बेनेशची १९५५ ची) पण लिहून ठेवलेल्या रचना एकूणात थोड्याच. नर्तक-कोरिओग्राफर निजिन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅले घ्या, २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये पहिल्या प्रयोगाला एवढा गोंधळ झाला की त्याचे किस्से आजही सांगतात, पण मोजकेच प्रयोग झाले आणि नाच विस्मरणात गेला. १९२० मध्ये त्याच संगीतावर मासीन या दुसऱ्या कोरिओग्राफरने वेगळाच नाच बसवला. मग मिलिसेंट हॉडसन नावाच्या संशोधिकेने कितीतरी वर्षं खर्ची घालून ते परत जुळवलं, आणि १९८७ मध्ये जॉफ्री बॅलेने ते उभं केलं. कशावरून जुळवलं? तर निजिन्स्कीची सहायक मारी रँबर्ट हिने संगीताच्या प्रतीवर केलेल्या टिपणांवरून, प्रेक्षागृहात बसून व्हॅलेंटाइन ग्रोस या चित्रकर्तीने केलेल्या स्केचेसवरून, उरलेल्या कपड्यांवरून आणि परीक्षणांवरून. शंभर टक्के तसंच जमलं का यावर अजून वाद आहेत, असणारच. पण तुमचा प्रयोग जर नाचाचा निघाला तर कोरिओग्राफरच्या नावापाशी अडकू नका, साथीदार, चित्रकार, कपडेपट सांभाळणारे यांच्या नावाने शोधा.

आता सर्च करताना. प्रयोगाचं नाव एकटं टाकून काही होत नाही, कारण एकाच नावाचे शंभर प्रयोग असतात. 'संगीत मानापमान' रंगमंचावर आलं १९११ ला, आणि १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघांनी मिळून टिळक स्वराज्य फंडासाठी केलं ते 'संयुक्त मानापमान', तुम्हाला कुठल्या रात्रीबद्दल हवंय ते आधी ठरवा. नाव अधिक गाव अधिक साल, हे तीन एकत्र टाका. माणसाची सगळी नावं टाका, बालगंधर्व म्हणून नाही मिळालं तर नारायण श्रीपाद राजहंस म्हणून. परदेशी माणूस असेल तर, उदाहरणार्थ रशियन नाटककार चेकॉव्हचं स्पेलिंग इंग्रजीत वेगळं, जर्मनमध्ये वेगळं, फ्रेंचमध्ये आणखी वेगळं. तारखांचीही भानगड असते, चेकॉव्हच्याच 'सीगल' नाटकाचा पहिला प्रयोग काही ठिकाणी १७ ऑक्टोबर १८९६ दिसेल आणि काही ठिकाणी २९ ऑक्टोबर, दोन्ही बरोबर आहेत, रशियात तेव्हा जुनं कॅलेंडर होतं आणि बारा दिवसांचा फरक पडायचा. वर्तमानपत्र चाळायचं असेल तर हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर भलत्याच आठवड्याचे अंक उलटत बसाल.

आणखी एक, जाहिरातीला पुरावा मानू नका. जाहिरात म्हणजे फक्त वायदा, प्रयोग ऐनवेळी रद्द होतात, नट आजारी पडतात. छापील कार्यक्रमपत्रिका बरी, पण तीही आधी छापलेली असते, त्यात 'आज अमुकऐवजी तमुक काम करतील' अशी चिठ्ठी घातलेली असेल तर ती जपून वाचा. प्रयोगानंतर आलेलं परीक्षण यात सगळ्यात वजनदार. आणि चॅटबॉटला विचारून नटसंच घेऊ नका प्लीज, तो इतक्या आत्मविश्वासाने खोटी नावं देतो की पुढे तीच कोणाच्या तरी ब्लॉगवर जातात.

व्हिडिओच हवा असेल तर तोही कधीकधी असतो, फक्त नेटवर नसतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९७० पासून नाटकांची चित्रीकरणं जमवलीत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९९२ पासून. कलाकारांच्या संघटनांशी करार असल्यामुळे न्यूयॉर्कची चित्रीकरणं आधी वेळ घेऊन तिथेच बसून बघावी लागतात. भारतातलं काही असेल तर संगीत नाटक अकादमीचा (१९५३ ची संस्था) संग्रह आणि लोकसंगीतासाठी गुरुग्रामचं एआरसीई (आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी) आधी बघा.

संग्रहालयाला ईमेल करताना 'या प्रयोगाबद्दल सगळी माहिती द्या' असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही किंवा आलं तर विकिपीडियाची लिंक येते. संस्थेचं नाव, थिएटर, अंदाजे साल द्या आणि विचारा की या मंडळींची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत का, असतील तर फाइंडिंग एड पाठवाल का. फाइंडिंग एड म्हणजे कुठल्या खोक्यात काय आहे त्याची यादी, ती ते बहुतेक वेळा आनंदाने देतात. मग यादीतलं नेमकं फोल्डर सांगून स्कॅन मागा. आणि तुम्ही जे नाव ऐकलंय ते कमेंटमध्ये टाका ना, सोबत कोणाकडून ऐकलं आणि साधारण कुठल्या दशकातलं असेल तेही लिहा, म्हणजे कुठून सुरुवात करायची ते तरी सांगता येईल.