घर विकायचंय, पण छत गळतंय

प्रश्न : आमचं घर विकायला काढलंय. वरच्या बेडरूमच्या एका कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, एरवी कोरडं असतं. एजंट म्हणतो पुट्टी भरून रंग मारा, कोणाला कळणार नाही. मिस्टर म्हणतात अख्ख्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करू. नक्की काय करायचं?

उत्तर : ताई, रंगाचं आधी डोक्यातून काढून टाका. ओल्या स्लॅबवर रंग टिकत नाही, आतला ओलावा बाहेर पडायला बघतो आणि रंगाला फुगे येऊन पोपडे सुटतात, शिवाय सगळी खोली जुन्या रंगाची आणि एकच कोपरा चकचकीत दिसला की तपासायला आलेला माणूस पहिला हात तिथंच लावतो. आणि समजा नाही कळलं, तरी पहिल्या मोठ्या पावसात कळणारच, मग माहीत असून लपवलं म्हणून भरपाईचं भांडण मागे लागतं. कोणीतरी आयुष्यभराची पुंजी घालून ते घर घेणारे, त्यांना फसवून गळकं छत गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही.

पण मिस्टरांचंही लगेच ऐकू नका, आधी पाणी कुठनं येतंय ते शोधा. डाग दिसतो त्याच्या बरोबर वरच चीर असते असं नाही, पाणी कोब्याखालून, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराखालून, उताराने सरकत जातं आणि वाट मिळेल तिथं खाली उतरतं. कोपऱ्यात ओल म्हटल्यावर माझा पहिला संशय कठडा आणि स्लॅब मिळतात त्या सांध्यावर, दुसरा पावसाच्या पाइपच्या तोंडावर. वर जाऊन कठड्याच्या कडेला सांध्यावर सिमेंटची गोलसर पट्टी असते ना, ज्याला वाटा म्हणतात, त्यावर लहान हातोडीने हलकेच ठोकत जा, घट्ट असेल तर खणखणीत वाजतं, सुटला असेल तर आवाज बद्द आणि पोकळ येतो. पाइपच्या जाळीत पानं, माती अडकलीये का तेही बघा, बरेचदा नुसतं पाणी तुंबल्यानेच गळती सुरू होते.

मग खाली येऊन छताचा डाग नीट बघा. पिवळट तपकिरी कडा एकात एक दिसल्या तर ती जागा पुन्हा पुन्हा भिजून वाळलीये. पांढरी भुकटी म्हणजे पाण्याबरोबर आलेले सिमेंटमधले क्षार. पण सळईच्या रेषेत सरळ भेग आणि गंजाचा रंग दिसला तर तो विषय नुसत्या वॉटरप्रूफिंगचा राहत नाही, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट आतून फोडते, तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच बोलवा.

गळती पक्की करायला पाइप बंद करून गच्चीवर इंचभर पाणी 24 ते 48 तास साठवून बघतात. ही टेस्ट इंजिनिअरला विचारूनच करा, कारण इंचभर पाण्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण 25 किलो होतं, म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर अडीच टन, आणि कमजोर स्लॅबवर एवढा भार टाकणं धोक्याचं.

तपासणी गिऱ्हाईक येण्याआधी स्वतःच करून घ्या आणि ती अशा माणसाकडून ज्याला पुढचं काम मिळणार नाहीये, जो वॉटरप्रूफिंग विकतो त्याला बहुतेक वेळा अख्खी गच्चीच खराब दिसते. दोष जेवढा तेवढीच दुरुस्ती करा, पुन्हा टेस्ट घ्या, स्लॅब पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग. आधीचे-नंतरचे फोटो, बिल, गॅरंटीचा कागद सगळं एका फाइलमध्ये ठेवा, गॅरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का तेही विचारून घ्या. ओल येत होती, हे काम केलं, हे कागद, असं सरळ सांगितलं की घेणाऱ्याला बाकीच्या घराबद्दलही भरवसा वाटतो.

प्रश्न : घेणाऱ्यांच्या इंजिनिअरने रिपोर्टमध्ये लिहिलंय की छताचं आयुष्य संपत आलंय. गळती कुठंच नाही. तरी ते म्हणतात नवीन छत करून द्या नाहीतर तेवढे पैसे कमी करा.

उत्तर : आधी रिपोर्टची कॉपी मागा, तोंडी ऐकून काही कबूल करू नका. आयुष्य संपत येणं वेगळं आणि छत निकामी होणं वेगळं. तुम्ही किंमत लावताना छत जुनं आहे हे धरलं असेल तर नव्या छताचा पूर्ण खर्च तुमच्याच माथी मारणं बरोबर नाही, हे शांतपणे सांगा. दोन-तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या, पण सगळ्यांना कामाची यादी एकच द्या, नाहीतर आकडे जुळणारच नाहीत.

माझं मत विचाराल तर स्वतः घाईत काम करून देण्यापेक्षा किंमत थोडी कमी करणं बरं, कारण घाईत स्वस्तातला माणूस लावला जातो, आणि घेणाऱ्यांनी स्वतः करून घेतलं तर मटेरियल त्यांच्या पसंतीचं आणि गॅरंटी त्यांच्या नावावर. फक्त ते कर्ज काढणार असतील तर एक बघा, बँक कधीकधी दुरुस्ती आधी मागते. मधला मार्ग म्हणजे ठरावीक रक्कम वकिलाकडे बाजूला ठेवायची आणि काम झाल्यावर सोडायची. काहीही ठरलं तरी करारात "छत दुरुस्त करून देऊ" असं मोघम लिहू नका, कुठला भाग, कुठलं काम, कधीपर्यंत, झालं की नाही ते कोण तपासणार आणि खर्च वाढला तर कोणाचा, सगळं स्पष्ट लिहा.

प्रश्न : आमचं छप्पर कौलारू आहे, त्यात काय बघायचं?

उत्तर : कौलांपेक्षा लाकूड आधी बघा. फुटकी कौलं बदलता येतात, पण वासे कुजले असतील किंवा वाळवी लागली असेल तर काम मोठं असतं. दिवसा माळ्यावर जाऊन दिवे बंद करा, जिथनं उजेड दिसेल तिथं खूण करा, वाशांमध्ये स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, सहज आत गेलं तर लाकूड गेलंय. पन्हाळीचे सांधेही बघा. आणि कृपा करून स्वतः कौलांवर चढू नका, कौलं फुटतात आणि माणूसही पडतो.