देवाच्या कृपेनेच तारण (पापातून सुटका) होतं, तर मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने कशाला काढले?

तारण मिळवायला नाही, ते फुकट मिळालं म्हणून. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८-९) स्वच्छ लिहिलंय: तारण हे देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नव्हे. येशूशेजारी वधस्तंभावर असलेला तो चोर आठवा. मरायला टेकलेला, सत्कर्म करायला हात मोकळे नाहीत, वेळही नाही. तरी "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे त्यालाच ऐकायला मिळालं. मला तर हा प्रसंग वाचताना दरवेळी भरून येतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, पण ही कृपा उमगायला पुढे काही वर्षं गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला, तो त्यानंतर. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच उभं राहिलं.