आजीच्या ट्रंकेतला ‘फ्रॉक’

चि. बंड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर विचारलंस, “बाबा, खापरपणजोबा फ्रॉक घालायचे? आणि आजी मला तो घालू का देत नाही? गणपतीत घालतो ना!” मी हसलो, आजी चिडली आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे पत्र. आजीकडूनच वाचून घे, म्हणजे तिचाही राग जाईल.

फ्रॉक नाही रे, रेशमी अंगरखा आहे तो. सयाजीराव महाराजांच्या काळात खापरपणजोबा बडोद्याला सरकारी नोकरीत होते. दरबाराच्या दिवशी डोक्याला पगडी नि अंगात हा; एरवी सुती अंगरखा, धोतर आणि उपरणं. (गंमत बघ, खुद्द महाराज १९११ च्या दिल्ली दरबाराला साध्या पांढऱ्या कपड्यांत गेले आणि इंग्रजांना ते भयंकर झोंबलं.) घेर एवढा मोठा, कारण हा मांडी घालून बसणाऱ्यांचा कपडा. तुझी तंग जीन्स घालून आजीच्या पाटावर तासभर बसून दाखव, मग फ्रॉक म्हण.

आता हात धुऊन कोरडे कर, घड्याळ काढून ठेव आणि आजीला सांगून अंगरखा पलंगावर पसर. आधी घेर बघ. वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा लांबट पट्ट्या जोडलेल्या दिसतील. त्या कळ्या. एक लांब चौकोनी तुकडा घ्यायचा, तो तिरका कापायचा, की दोन कळ्या निघतात. एक उलटी फिरवून दुसरीशेजारी लावली की झालं, चिंधीसुद्धा वाया जात नाही. कागद कापून करून बघ. रेशीम महाग, मागावरचा पन्हा अरुंद; शिंप्याचं अर्धं डोकं कात्री लावायच्या आधीच चालायचं.

मग बाही उचल. काखेत एक चौकोनी तुकडा बसवलाय, त्याला चौबगला म्हणतात. त्याच्यामुळेच हात वर केला तरी अख्खा अंगरखा वर ओढला जात नाही. बाही हातापेक्षा बरीच लांब आहे, ती शिंप्याची चूक नव्हे. मनगटाकडून मागे सारली की तिच्या बारीक चुण्या पडतात, आणि त्या चुण्यांचीच ऐट होती. छातीवर गोलाकार उघडा भाग आहे, त्याच्या आत पडदा. बटण एकही नाही, सगळे बांधायचे बंद. आणि शिवण पाहा: सगळी हाताची. काठाला मगजी, म्हणजे कापडाची बारीक दुमडपट्टी, आत मलमलीचं अस्तर, म्हणजे घाम आधी सुताला लागावा.

सोबतची पट्ट्यापट्ट्यांची सुरवार मात्र मशरूची आहे. मशरू पाटणला विणायचे, आणि पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होतं. ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा; बाणा, म्हणजे आडवे, सुताचा. वीण अशी की बाहेरून सगळं रेशीम चमकतं आणि अंगाला सूत लागतं. अंगाला निव्वळ रेशीम लागू नये असा मुसलमान पुरुषांचा धार्मिक दंडक होता, त्यातून ही युक्ती निघाली. मशरू या शब्दाचा अर्थच ‘चालेल असं’. पुढे ज्यांना दंडक नव्हता त्यांनीही ते आवडीनं घातलं.

आता घालायचं का नाही ते. अकरावीत असताना मी घातला होता. गॅदरिंगच्या नाटकात सरदार झालो होतो, एकच वाक्य होतं. तलवार उपसली आणि पाठीत चर्र! चौबगला शाबूत राहिला. फाटलं ते जुन्या घामाच्या डागापाशी. घामातले क्षार आणि आम्ल रेशमाला आतून खात राहतात, वर्षानुवर्षं. रेशीम म्हणजे आपल्या केसांसारखं प्रथिनच, म्हातारं झालं की ताण सोसत नाही. मग मी दुसरा शहाणपणा केला: कोपऱ्यावरच्या एका शिंप्याकडून गुपचूप मशीनची टीप मारून आणली. सुईनं भोकांची रांगच पाडली आणि पुढच्या वर्षी कापड त्याच रांगेवर उसवलं. खरं तर मागून त्याच रंगाच्या पातळ रेशमाचा तुकडा लावून, विरलेले धागे हातानं बारीक टाके घालून त्यावर बसवायला हवे होते. आजीनं तेव्हा मला काही म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये “इथे नीट दिवे का लावत नाहीत?” म्हणून कुरकुरत होतास, आठवतं? रेशमावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर त्याच्या सहा ते दहा पट असतो. उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. खात्री करायची तर बगलेखालच्या शिवणीची आतली दुमड हलकेच उलटून बघ. आत अजून डाळिंबी आहे, बाहेर विटकरी. दरबारात गेला तो आतला रंग.

आजीला माझे दोन निरोप दे. एक, वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस. कागद पिवळा पडतो तसं आम्ल कापडात उतरतं. मांजरपाट दोनदा धुऊन खळ काढून टाक आणि त्यात ठेव, खळीनं कसर येते. घड्यांमध्ये मलमलीच्या गुंडाळ्या घाल आणि दर वर्षी घडी वेगळ्या जागी मोड, नाहीतर कापड घडीवरच चिरतं. दोन, डांबरगोळ्या बंद. वेखंडाची पुरचुंडी हवी तर ठेव, पण कापडाला टेकू देऊ नकोस. (आजीचा वेखंडावर विश्वास, माझा दर दोन महिन्यांनी उघडून बघण्यावर. दोन्ही चालू देत.) पाऊस सरला की ऊन दाखवायची तिची जुनी सवय आहे. ऊन नको म्हणावं, सावलीत वाऱ्यावर तासभर पुरे. आणि जरतार काळवंडली म्हणून चिंच लावून घासायची नाही! आत चांदी आहे, हवेतल्या गंधकानं काळी पडते. घासलं की वरचा सोन्याचा मुलामाच निघून जातो.

तुला घालायचाच असेल तर नवा शिवू. आजीची टेप घेऊन मापं काढ: पाठ, बाही, एका कळीची वरची नि खालची रुंदी, चौबगल्याच्या चारी बाजू. कापड न ओढता, टेप नुसती वर ठेवून. ती मोठ्या माणसाची येतील. बडोद्याच्या दांडिया बजारात कुणी म्हातारा कारागीर अंगरखा शिवणारा असेल तर आजीला माहीत असेल, तो तुझ्या मापावर आणेल.

आणि बंद किती आहेत तेही मोज. मला सहा आठवतात, आजी आठ म्हणते.

तुझा,
बाबा