बॅटरीचं काम, शिसं आणि सीमेन रिपोर्ट: लसणाच्या आधी करायच्या गोष्टी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मिस्टर बरीच वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि रिपेअरिंगच्या कामात आहेत. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सीमेन रिपोर्टमध्ये (वीर्यतपासणीत) काउंट म्हणजे शुक्राणूंची संख्या आणि मोटिलिटी म्हणजे त्यांची हालचाल, दोन्ही कमी आलंय. हे शिशामुळे असेल का, आणि लसूण, गूळ किंवा एखादा काढा घेऊन शिसं अंगातून उतरतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. बॅटरी कारखान्यात सेफ्टी खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कामगारांच्या रक्ततपासणीचं रजिस्टर माझ्याकडे असायचं, त्यामुळे हा विषय जवळून पाहिलाय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: असू शकतं, पण रक्तातलं शिसं मोजल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू नये. तुम्ही टाकलेल्या तपासण्यांच्या यादीत थायरॉइडपासून सोनोग्राफीपर्यंत सगळं आहे, पण 'ब्लड लेड लेव्हल' नाही. यात नवल काही नाही. दवाखान्यात दारू-सिगारेटची चौकशी होते आणि व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच लिहून पुढे जातात. पुढच्या वेळी तुम्हीच सांगा की ते शिशात काम करतात. तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते, साधं शिरेतलं रक्त लागतं. रिपोर्ट आला की एकक नीट बघा. काही लॅब मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर लिहितात, काही प्रति लिटर. दोन्हींत दहापटीचा फरक आहे, आणि '३५०' वाचून घाबरलेली आणि '३५' वाचून निर्धास्त झालेली, अशी दोन्ही माणसं मी पाहिलीत. आकडा एकच होता.

आता तो आकडा किती असला की काळजी करायची? रुमानियात १९७५ साली बॅटरी कामगारांवर झालेला अभ्यास या विषयातला जुना आणि नावाजलेला. शिसं जास्त असलेल्यांमध्ये शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार, तिन्हींत बिघाड दिसला. पुढे इंग्लंड, इटली आणि बेल्जियममधल्या कामगारांवरचा अभ्यास २००२ साली आला. त्यात रक्तात ५० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर शिसं असलेल्यांमध्ये शुक्राणूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं होतं, आणि ४४ च्या आसपास परिणाम सुरू होत असावा असा त्यांचा अंदाज होता. म्हणून ४० च्या खाली बिनधास्त राहायचं का? नाही. अमेरिकेच्या १९७८ च्या कामगार नियमांतच म्हटलंय की मूल हवं असलेल्या स्त्रीनेच नव्हे, पुरुषानेही ३० च्या खाली असावं. आणि जागतिक आरोग्य संघटना तर शिशाची सुरक्षित पातळी माहीतच नाही असं म्हणते.

शिसं शरीरात कॅल्शियम आणि जस्त यांच्या जागा बळकावतं. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए घट्ट गुंडाळून ठेवणाऱ्या प्रथिनांना जस्त लागतं, तिथे शिसं शिरलं की ती गुंडाळी बिघडते. शिवाय पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो आणि हार्मोनच्या साखळीतही ढवळाढवळ होते. यापेक्षा खोलात जात नाही.

मला खरं बोलायचंय ते शिसं आत जातं कसं यावर, कारण उपाय सगळा तिथेच आहे. लोकांना वाटतं धुरातून. धूर आहेच. शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि टर्मिनलवर गॅसची नळी धरली की त्याच्या कितीतरी वर तापतं. पण रिपेअरिंगवाल्यांचं निम्मं शिसं तोंडावाटे जातं असं माझं मत आहे. प्लेटा उपसून झाल्यावर तळहातावर करड्या पावडरीचा थर असतो. त्याच तळहातावर तंबाखू घ्यायची, वर चुना, अंगठ्याने मळायची, दोन थापट्या मारायच्या आणि ओठाखाली. तो विडा म्हणजे शिशाचा डोस. बिडीचंही तेच, बोटांवरची पावडर ओठाला लागते. आणि गूळ! धुळीच्या कामावर गुळाचा खडा खायचा ही पद्धत सगळीकडे आहे, मालकही हौसेने ढेप आणून ठेवतात. गुळाने शिसं धुतलं जातं याला आधार नाही, उलट न धुतलेल्या हाताने शेडमध्येच खडा फोडून खाल्ला की शिसं पोटात जातं. कामावर तंबाखू, बिडी, चहा, गूळ बंद, एवढी एकच गोष्ट त्यांनी मनावर घेतली तरी आकडा हलेल. तंबाखू तशीही शुक्राणूंना चांगली नाही.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने बारीक पावडर आणि धूर अडत नाही. बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा, रबरी कडा असलेला मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही चेहऱ्याला घट्ट बसत नाही. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्याने पुसायचं. सुट्टी झाली की एअर गनने कपडे झाडायची खोड असते, ती तर आधी मोडा. अंगावरची पावडर सरळ नाकात जाते.

लसणाबद्दल. २०१२ साली इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, कार बॅटरीच्या कारखान्यातल्या ११७ कामगारांवरचा. लसणाच्या गोळ्यांनी रक्तातलं शिसं खरंच उतरलं, म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलं ते अगदीच थाप नाही. पण किती उतरलं? साधारण ४२ वरून ३५ च्या आसपास. म्हणजे तरीही ३० च्या वरच. आणि शुक्राणूंवर काय परिणाम झाला हे त्यात तपासलेलं नव्हतं. शिशाने बिघडलेले शुक्राणू व्हिटॅमिन सी, ई, जस्त यांनी सुधारल्याचे दाखले बहुतेक उंदरांवरचे आहेत. जेवणात लसूण जरूर खा, त्याच्या जिवावर शेडमध्ये उभं राहू नका. त्यापेक्षा कामाचा आहार साधा आहे: उपाशीपोटी कामाला जायचं नाही, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तरी तेच होतं. भाकरी, पालेभाजी, दूध-दही, नाचणी, लिंबू. हिमोग्लोबिन तपासून घ्या.

काढ्यापेक्षा मला भीती आहे ती 'ताकदीच्या' पुड्यांची. काउंट कमी म्हटलं की नातेवाईक कुठला तरी वैदू सुचवतातच. नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म, आणि धातूंची भस्मं घातलेली औषधं पुरुषांच्या तक्रारींवर सर्रास दिली जातात. २००४ साली बॉस्टनच्या दुकानांतली दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं, आणि १३ मध्ये तर शिसंच. आधीच शिशात काम करणाऱ्याने बिनलेबलची पुडी अजिबात घेऊ नये. घरात देवाला शेंदूर लावत असाल तर तोही शिशाचा असू शकतो, हात धुवा.

शिसं बाहेर काढायची ॲलोपॅथीची औषधं आहेत, पण ती आकडा आणि लक्षणं बघून डॉक्टरच देतात. औषध चालू आणि काम पण चालू, हे करायचं नसतं. काही ठेकेदार कामगारांना असं 'धुऊन' पुन्हा शेडमध्ये उभं करतात. अमेरिकेत या प्रकाराला कायद्यानेच मनाई आहे.

किती दिवसांत फरक पडेल? शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सुमारे तीन महिने लागतात. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्मं होऊ शकतं, पण बरंचसं हाडांत साठलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं. त्यामुळे काम बदलल्यावर किंवा हे सगळं पाळायला लागल्यावर तीन महिन्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा करा. दरम्यान बाकीची कारणं सोडू नका. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं), शुगर, भट्टीजवळची उष्णता, यांनीही असाच रिपोर्ट येतो.

तुमच्यासाठीही एक सांगायचंय. त्यांचे कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नका. कामावरच अंघोळ, तिथेच कपडे बदलणं, आणि धुवायचे तर वेगळ्या बादलीत, झटकायचे नाहीत. उद्या दिवस राहिले तर तुमच्या रक्तातलं शिसं थेट बाळापर्यंत जातं. म्हणून त्यांच्यासोबत तुमचीही तपासणी एकदा करा.

मालकाशी बोलायला ते कचरत असतील तर हे लक्षात असू द्या: १९४८ च्या कारखाना कायद्यापासून शिसेबाधा हा सरकारला कळवायचा आजार आहे. ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांना कामाचं स्वरूप लिहूनच द्या, तोंडी सांगू नका. छोट्या शेडमध्ये कार्ड बहुधा नसतंच, हे मला माहीत आहे. तिथे फोडायच्या कामातून निदान काउंटरला किंवा डिलिव्हरीला बदली मागा. मूल हवंय हे कारण सांगायला लाज नको.

ब्लड लेडचा आकडा आला की एककासकट इथे टाका, शेवटच्या कामानंतर किती दिवसांनी रक्त दिलं तेही लिहा.