नियमित लिहिणे कुठे अडते?

ब्लॉग उत्साहाने सुरू केला, पहिले काही महिने दर रविवारी लेख जात होता, पुढे खंड पडला आणि आता नोकरी सांभाळून पुन्हा लिहायला बसणे जमत नाही, असे आपण विचारले आहे. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेबाचे काम पाहतो आणि हळद, बाजार व कृष्णाकाठ यांवर सवडीने लिहितो. माझे म्हणणे तेवढ्या अनुभवापुरतेच समजावे.

वेळ मिळत नाही हे खरे असले तरी माझ्या मते ते दुय्यम कारण आहे. लेखन बहुतेक वेळा अडते ते विषयाच्या आवाक्यामुळे. ‘सांगलीच्या हळदीचा इतिहास’ असा मथळा घालून बसले, की संस्थानकाळातल्या पेठेपासून 2018 साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनापर्यंत सगळेच त्यात यायला हवे असे वाटू लागते, संदर्भ शोधण्यातच उत्साह संपतो आणि मसुदा अर्धवट पडून राहतो. त्याऐवजी सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांविषयी एकच प्रश्न घ्यावा. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशी खोल कोठी. हळद भरून तोंड बंद केले की ती तिथे काही वर्षे टिकत असे. मात्र पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, कारण बंद जागेतला प्राणवायू कमी झालेला असे. आधी तोंड काही तास उघडे ठेवायचे, मग पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. एवढ्यावर छोटा पण पूर्ण लेख होतो, तो एका बैठकीत हातावेगळा होतो, आणि 2005 च्या महापुरात ही पेवे पाण्याखाली गेली तेव्हा काय झाले, हा पुढचा विषय आयताच मिळतो.

टिपणेही प्रश्नाच्या रूपात करावीत. मोबाइलमध्ये नुसते ‘हळद’ लिहून ठेवले तर महिन्याने त्यातून काहीच आठवत नाही. ‘हळकुंडापेक्षा गड्ड्याला भाव कमी का?’ असे लिहिले असेल तर निम्मा लेख तिथेच तयार असतो.

दर रविवारचा नेम मात्र मला पटत नाही. प्रत्येकाच्या कामाला हंगाम असतो. नव्या हळदीचे सौदे जोरात सुरू झाले की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, करता करताच रात्र होते, आणि त्या दिवसांत दर आठवड्याला लिहिण्याचा पण करणे म्हणजे तो मोडण्याची सोय करून ठेवणे होय. म्हणून आवक मंदावलेली असते तेव्हा मी शिळे न होणारे लेख लिहून ठेवतो आणि त्यांना पुढच्या तारखा लावतो; ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींवर ही सोय आहे. ऐन पुरात मात्र हे ठेवणीतले लेख थांबवावे लागतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून 45 फुटांच्या धोका पातळीकडे सरकत असताना सांगलीत ‘किती फूट झाले?’ याखेरीज कोणी काही विचारत नाही, तेव्हा पेवांवरचा लेख वाचणार कोण?

राहता राहिला तो पडलेला खंड. ‘बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, क्षमस्व’ अशा प्रस्तावनेची वाचकाला गरज नसते; शिवाय पुढच्या खंडानंतर तीच पुन्हा लिहावी लागते. आपण नव्या विषयाच्या शोधात न पडता शेवटचा अर्धवट मसुदा उघडावा, त्यात स्वतःच्या पायावर उभा राहील असा एखादा परिच्छेद निश्चित सापडेल. त्याला मथळा द्यावा आणि तेवढाच प्रसिद्ध करावा.