दीर्घ संसारावरच्या नाटकात 'काहीच घडत नाही' असं लोक म्हणत असतील तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाटक दोन पात्रांचं आहे: लग्नाला 44 वर्षं झालेलं जोडपं, एक खोली, एक संध्याकाळ. मित्रमंडळींसमोर वाचन केलंत तर सगळे म्हणाले, 'गोड आहे, पण काही घडत नाही.' आणि आता दुसऱ्या अंकात जुनं प्रेमप्रकरण घालू, आजारपण घालू, की दोघांपैकी एकाला मारूनच टाकू, असं विचारताय.

एवढ्यात कुणाला मारू नका.

मी बरीच वर्षं नाटकं बसवते आहे आणि याच विषयावरचं एक नवं नाटक नुकतंच रंगमंचावर आणलंय, त्यामुळे हा त्रास अजून ताजा आहे. आमच्या पहिल्या खर्ड्यात 'आठवतं का?' हे वाक्य सतरा वेळा होतं. पेन्सिल घेऊन मोजलं होतं मी. म्हाताऱ्याने आठवण काढायची, म्हातारीने लाजायचं, प्रेक्षकाला माहिती मिळायची आणि लेखक सुटायचा. पण जी गोष्ट दोघांनाही इतकी वर्षं ठाऊक आहे ती एकमेकांना सांगेल कोण, आणि कशाला? अशा घरात बोलणं अर्ध्यावर तुटतं. 'झालंच ना शेवटी तसं?' 'मी म्हटलं नव्हतं?' संपलं. बाहेरच्याला ओ की ठो कळत नाही, आणि तेच तर हवंय. न कळल्यामुळेच तो कान टवकारून बसतो. तुमच्या संहितेतली सगळी 'आठवतं का' काढून एकदा मोठ्याने वाचून बघा. जे प्रवेश त्यामुळे कोसळतील ते तसेही उभे नव्हते.

आता मुख्य अडचण. जुन्या जोडप्याचं भांडण हे मुळात पाठ झालेलं नाटक असतं. कुठल्या वाक्याला आवाज चढणार, कोण उठून आत जाणार, थोड्या वेळाने कोण काहीतरी फालतू कारण काढून बाहेर येणार, सगळं ठरलेलं. भांडणाचंच कशाला, त्यांच्या प्रेमाचंही तेच. म्हणून तुमच्या वाचनाला आलेली मंडळी चुकलेली नाहीत. त्यांनी फक्त त्या जोडप्याचा आणखी एक प्रयोग पाहिला. नाटक सुरू होतं ते दोघांपैकी एकाने आपलं वाक्य बदललं की.

एडवर्ड अल्बीचं 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?' (1962) घ्या. तीन अंक नवराबायको एकमेकांना ओरबाडत असतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की हाच स्फोट. तो स्फोट नव्हेच, ते त्यांचं रोजचं आहे. त्या रात्री वेगळं घडतं ते इतकंच, की मार्था पाहुण्या बाईजवळ आपल्या मुलाचा विषय काढते. तो बाहेर काढायचा नाही असं नवराबायकोत ठरलेलं असतं, कारण तो मुलगा नाहीच. दोघांनी मिळून रचलेला आहे. पुढे तिचा नवरा जॉर्ज जे करतो ते सगळं त्या मोडलेल्या करारातून येतं. इब्सेनच्या 'डॉल्स हाउस'मध्येही (1879) शेवटी नोरा नवरा-मुलं सोडून घराबाहेर पडते तेव्हाचा दाराचा आवाज लोकांना लक्षात राहतो, मला मात्र त्याआधीचं टेबल. नोरा नवऱ्याला समोर बसवते आणि म्हणते की लग्नाला आठ वर्षं झाली, पण आपण दोघं गंभीरपणे बोलायला आज पहिल्यांदा बसलोय. आठ वर्षं एका सुरात बोलणारी बाई सूर बदलते. दार नंतरचं. (आठ वर्षांना दीर्घ संसार म्हणायचं का, हा तुमचा आक्षेप मान्य.)

त्याच नाटकाची आणखी एक हकिगत, मित्रांच्या सूचना वहीत उतरवून घेण्याआधी वाचण्यासारखी. जर्मनीतल्या एका नामवंत नटीने 'मी माझी मुलं सोडून गेले नसते' म्हणून तो शेवट करायला नकार दिला. दुसरं कुणी परस्पर बदल करेल या धास्तीने इब्सेनने स्वतःच वेगळा शेवट लिहून दिला: नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी येऊन कोसळते आणि घरात राहते. आपल्याच हाताने केलेल्या या बदलाला तो नाटकावरचा रानटी अत्याचार म्हणायचा.

आमच्या नाटकात वाक्य कसं बदललं ते सांगते, कारण ते आम्हाला सुचलं नव्हतं, सापडलं. पहिल्या अंकात नवरा फोनवर कुणालातरी आपला ठेवणीतला किस्सा सांगतो आणि ऐन रंगात टेबलावर हात आपटतो. समोर बायको वाचत बसलेली. तालमीत पाण्याचे पेले खरे भरलेले असायचे आणि रोज तिच्या अंगावर पाणी उडायचं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस नटीने काय केलं, तर त्याचा हात खाली यायच्या तीन शब्द आधी, पुस्तकातून डोळेही वर न करता, आपला पेला उचलून धरला. हात आपटला. तिने पेला खाली ठेवला आणि पान उलटलं. तालीम बघत बसलेले आम्ही चौघं-पाचजण खो खो हसलो. संहितेत त्या जागी त्यांच्या प्रेमाबद्दल दीड पानाचं बोलणं होतं, ते त्याच संध्याकाळी गेलं. लेखक दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मग आम्ही ती कृती पहिल्या अंकात दोनदा ठेवली. दुसऱ्यांदा प्रेक्षक तिच्या हाताकडे बघत असतात. त्यांनाही तो किस्सा आता पाठ झालेला असतो. दुसऱ्या अंकात नवरा तोच किस्सा पुन्हा सांगतो, हात आपटतो, आणि ती पेला उचलत नाही. पेला लवंडतो, पाणी टेबलावरून त्याच्या कागदांकडे जातं. तो पाण्याकडे बघत राहतो, तिच्याकडे नाही. बऱ्याच वेळाने विचारतो, 'ऐकू आलं नाही का?' ती म्हणते, 'आलं.' आमचं नाटक खरं तर तिथून सुरू होतं. एवढा वेळ का लावलात असं विचारलंत तर उत्तर असं, की आधी तो पेला दोनदा उचलला गेला नसता तर नुसतं पाणी सांडलं असतं.

तेव्हा प्रेमप्रकरण, आजार, मृत्यू यातलं काहीही घाला, पण त्याने दोघांच्या पाठ वाक्यांपैकी कुठलं बदलतं ते आधी ठरवा. काहीच बदलत नसेल तर ती फक्त बातमी आहे. आणि सगळ्याचं कारण द्यायलाच हवं असंही नाही. बेकेटच्या 'हॅपी डेज'मध्ये (1961) विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत आणि दुसऱ्यात मानेपर्यंत जमिनीत गाडलेली असते. का, ते शेवटपर्यंत कळत नाही. ती बडबडत असते, नवरा ढिगाऱ्यामागून क्वचित एखादा शब्द टाकतो. शेवटी तो समारंभाचे कपडे चढवून चार पायांवर रांगत तिच्याकडे येऊ लागतो. तिच्या शेजारी पिस्तूल पडलेलं आहे. त्याचा हात तिच्यासाठी पुढे येतोय की पिस्तुलासाठी, हे लेखक सांगत नाही. जुन्या संसाराचं याहून नेमकं चित्र मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. तुमच्या शेवटी दोघं हात हातात घेऊन प्रकाश मंद होतो असं लिहिलंय, तिथे याचा विचार करा.

मराठीत लिहिताय तर आणखी एक हत्यार फुकटात मिळतं: हाक. कोण 'तू' म्हणतं, कोण 'अहो', नाव कोण कधीच घेत नाही. 'नटसम्राट'मध्ये (1970) अप्पासाहेब बायकोला 'सरकार' म्हणतात. थट्टा, मान आणि तिच्यावर टाकलेला सगळा भार, हे सगळं त्या एका शब्दात येतं. 44 वर्षं 'अहो' म्हणणारी बाई एका वाक्यात 'तू' म्हणाली तर तुम्हाला आजारपणाची गरज पडणार नाही. पण एकदाच. दोनदा केलंत तर ती सवय झाली.

आणि एक अगदी धंद्याची गोष्ट, जी वाचनात कळत नाही. अशा संहितेत तीच तीच वाक्यं परत येतात, आणि येणारच. पण दोन वेगळ्या प्रवेशांत अगदी एकच वाक्य क्यू म्हणून, म्हणजे समोरच्या नटाला त्याचं पुढचं वाक्य सुचवणारी खूण म्हणून, ठेवू नका. आमच्याकडे 'म्हणजे काय म्हणायचंय?' दोन्ही अंकांत होतं. पाचव्या प्रयोगात नटाने पहिल्या अंकातल्या 'म्हणजे काय'ला दुसऱ्या अंकातलं उत्तर दिलं. मी विंगेत उभी होते, संहिता हातात, आणि काही करू शकत नव्हते. ती बाई दहा मिनिटं नवऱ्याला वळणं घालत घालत परत आणत होती. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही; एकाने तर नंतर येऊन तोच भाग सगळ्यात खरा वाटला म्हणून सांगितलं. दोन पात्रांच्या नाटकात तिसरं कुणी सावरायला येत नाही, आणि या वयाचे नट घेणार असाल तर पाठांतराला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ धरा. पस्तिशीतल्या नटांना पांढरे केस लावू नका, एवढं माझं ऐका. पाठ वाकवून चालतात ते.

पाणीबिणी सांडायचं ठरवलंत तर ते अंकाच्या शेवटाजवळ सांडा. ओल्या लेव्हलवर (रंगमंचावरच्या लाकडी चौथऱ्यावर) नट घसरतो, आणि प्रवेश चालू असताना पुसायला कोण जाणार? आम्ही टेबलावर जाड कापड घातलं आणि पेल्यात अर्धंच पाणी ठेवतो. लांबून भरलेला दिसतो.